ऊन न पाहिलेला धाडसी प्रवासी

मुलांनो, आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेवढे जवळजवळ पावणेदोन डोंगर उलटे करून जमिनीत रोवले तर टोक कुठे जाईल? तिथेच आज मी तुम्हाला नेणार आहे.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग शहराच्या नैर्ऋत्येला म्पोनेंग नावाची सोन्याची खाण आहे. तिथल्या सोथो भाषेत या नावाचा अर्थ 'माझ्याकडे पाहा'! पण पाहायला उतरायचं म्हणजे खायचं काम नाही. लोखंडी पिंजऱ्यात दाटीवाटीनं उभं राहून कामगार खाली जातात. तळाशी खडकच साठ अंशांच्या वर तापलेला असतो. वरून बर्फाचा लगदा खाली सोडतात, तेव्हा कुठे माणसाला तिथे काम करता येतं.

या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर खडकाच्या भेगेतून गरम पाणी झिरपत होतं. लक्षावधी वर्षं कोंडलेलं पाणी! शास्त्रज्ञांनी साडेपाच हजार लिटरहून अधिक पाणी गाळून त्यातले जीवाणू तपासले. किती जाती सापडल्या असतील? ओळखा बरं! जवळजवळ सगळे जीवाणू एकाच जातीचे निघाले. ही हकिकत २००८ साली प्रसिद्ध झाली.

आता खरी गंमत. अन्नसाखळी शिकवताना मी फळ्यावर सगळ्यात आधी सूर्य काढते. मग गवत, नाकतोडा, बेडूक, साप. या पठ्ठ्याच्या साखळीत मात्र सूर्यच नाही! मग तो खातो काय? खडकात थोडं युरेनियम असतं. त्यातून सतत किरण निघतात आणि ते पाण्याचे कण फोडतात. त्यातून हायड्रोजन सुटतो. खडकातून पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचा क्षार, उतरतो. हायड्रोजन आणि सल्फेट यांची सांगड घालून हा आपली शक्ती मिळवतो. उरतो तो सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू. ना पान, ना किडा, ना ऊन! शरीर बांधायला लागणारा कार्बन आणि नायट्रोजनही तो आजूबाजूच्या साध्या रसायनांतूनच घेतो. शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायची सोयच नाही, कारण शेजारीच नाहीत. आणि आपण ज्याच्यावाचून तडफडू, तो प्राणवायू याला घातक.

म्हणूनच मंगळाच्या पोटात जीव असेल का, याचा विचार करणारे शास्त्रज्ञ या अंधाऱ्या भेगेकडे मोठ्या आशेनं पाहतात.

त्याचं नाव जरा जिभेला वळण देऊन म्हणा: डेसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हायटर. दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'धाडसी प्रवासी'. जूल्स व्हर्नच्या पृथ्वीच्या पोटातल्या सफरीच्या कादंबरीत एक लॅटिन चिठ्ठी आहे, तिच्यातून तो उचललाय.