28 इंचांचा मासा आणि वीतभर पापलेट

मंडळी, पोस्ट मासेमारीची आहे, पण शेवटी आपल्या बाजारात येऊन थांबणार आहे. जरा लांब झालीय, सवडीने वाचा.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लुइझियानाला माझ्या शाळूसोबत्याकडे गेलो होतो. पेण तालुक्यातल्या खाडीकाठी आम्ही दोघं लहानपणी गरवायला जायचो. तो आता पंचवीस वर्षं तिकडेच आहे, एका केमिकल प्लांटमध्ये नोकरी करतो. शनिवारी पहाटे मला उठवून म्हणाला, "चल, आमची खाडी दाखवतो." त्याच्या तोंडून 'आमची' ऐकून जरा गंमत वाटली.

न्यू ऑर्लिन्सपासून दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर लाफीत नावाचं गाव आहे. कोळंबीच्या बोटी, बर्फाचे ट्रक, माशांचा वास. डोळे मिटले असते तर करंजा बंदरात उभा आहे असंच वाटलं असतं. पाहुण्यालाही गरवायचं लायसन लागतं. ते त्याने आदल्या रात्रीच मोबाइलवरून काढून ठेवलं होतं.

बोट निघाली. दोन्ही बाजूंना कंबरभर उंच गवताचं खाजण. आपल्यासारखी तिवरं तिथे दिसली नाहीत, नुसतं गवत आणि मधेमधे उथळ तळी. इथे मिळतो तो रेडफिश. आपली तांबोशी वेगळी हं, हा घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. अंग तांब्याच्या भांड्यासारखं आणि शेपटीजवळ एक काळा ठिपका. उथळ पाण्यात खाली तोंड करून खेकडे, कोळंबी शोधतो, तेव्हा शेपूट पाण्याबाहेर हलताना दिसतं. गरीला कोळंबी लावायची, वर तरंगता बोंडा. दोरीला हिसका दिला की बोंडा 'पचाक्' वाजतो आणि माशाला वाटतं कोळंबी उडाली.

जाता जाता सहज बोटीवरच्या जीपीएसकडे नजर गेली. पडद्यावर आमची बोट जमिनीवरून चालली होती! मी म्हटलं, "अरे, तुझं यंत्र बिघडलंय." तो म्हणाला, "यंत्र ठीक आहे. नकाशा जुना आहे. जमीन गेली."

1932 ते 2016 या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याची सुमारे 4,800 चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. मुंबई शहर आणि उपनगर मिळून साधारण 600 चौरस किलोमीटर. म्हणजे आठ मुंबया. कारण एकच नाही. पूर येऊ नये म्हणून मिसिसिपी नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले, त्यामुळे दरवर्षी खाजणात पसरणारा गाळ थेट समुद्रात जायला लागला. तेल कंपन्यांनी खाजणातून कालवे खणले, त्यातून खारं पाणी आत शिरलं आणि गवत मेलं. वरून जमीन खचतेय आणि समुद्र चढतोय.

मी गप्प झालो. आमच्या आजोबांचं भातशेत खाडीच्या बांधाआड होतं. बांध फुटला, दुरुस्तीचे अर्ज फिरत राहिले, आज तिथे तिवरं उभी आहेत. सातबारावर मात्र अजून शेतच आहे. नकाशे आपल्याकडेही जुनेच आहेत.

दहाच्या सुमारास माझ्या गरीला लागला. काठी अशी वाकली की वाटलं मोडतेय. दहा मिनिटं झुंज. जाळीत घेऊन वर काढला तेव्हा घोळीसारखाच गुरगुरत होता. मित्राने पट्टीवर ठेवून मोजला. 28 इंच. आणि म्हणाला, "सोड."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण नियमच तसा आहे. 18 ते 27 इंच, माणशी दिवसाला 4 मासे. पूर्वी 5 चालायचे आणि त्यात एक 27 इंचांवरचाही चालायचा. जून 2024 मध्ये ते बंद झालं. मोठा मासा म्हणजे अंडी घालणारा मासा. तो चाळीस वर्षंही जगू शकतो.

मी आजूबाजूला पाहिलं. मैलभर चिटपाखरू नाही. म्हटलं, "अरे, कोण बघतंय? एकच तर आहे." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बघतोयस ना." आणि मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, हळूहळू पुढे-मागे केला. शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर पाणी उडवून गेला आणि मासा गेला.

खरं सांगतो, राग आला होता. संध्याकाळपर्यंत त्याची लाज वाटायला लागली.

हा नियम काही शहाणपणातून आपोआप आला नाही. 1980 च्या दशकात पॉल प्रुडोम नावाच्या शेफने मसाला लावून काळपट भाजलेला रेडफिश गाजवला. देशभरातल्या हॉटेलांना तो हवा झाला आणि बोटींनी समुद्र उपसला. शेवटी बंदी घालावी लागली. आपल्याकडे घोळीच्या पोटातल्या पिशवीला सोन्याचा भाव आहे, त्याची यावेळी आठवण झाली.

तिथेही सगळं गोड नाही. नदीचा गाळ पुन्हा खाजणात सोडायचा, 300 कोटी डॉलरचा प्रकल्प 2023 मध्ये सुरू झाला होता. गोड्या पाण्याने आपली कालवं, कोळंबी मरतील म्हणून तिथल्या मच्छीमारांनी विरोध केला. त्यांची भीती खोटी नव्हती. जुलै 2025 मध्ये राज्याने प्रकल्प रद्द केला. जमीन वाचवायची की आजचं पोट, हा प्रश्न तिकडेही सुटलेला नाही.

आता आपल्याकडे. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी बाजारात वीतभरही नसलेल्या पापलेटांचा वाटा समोर होता. मावशी म्हणाल्या, "घे रे दादा, स्वस्तात देते." त्यांना दोष कसा देणार? मी गेली कित्येक वर्षं तोच वाटा घेत आलोय. बारीक जाळं टाकणारा दिसतो, ते विकत घेणारा कुणाला दिसत नाही.

त्या दिवशी घेतला नाही. बांगडे घेऊन आलो.

मोठं काही मागत नाही. पुढच्या वेळी पिल्लं दिसली तर फक्त एवढंच म्हणा, "मावशी, मोठी आली की घेईन." कुणी बघत नसतं हे खरं. पण आपण बघत असतो ना?