दोन दशावतार

दशावतार म्हटलं की आमच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला जत्रेची रात्र आठवते. देवळापुढचं अंगण, पायपेटी, झांज, मृदंग आणि आडदशावतारात धुमाकूळ घालणारा संकासुर! माझे वडील एका मंडळीत मृदंग वाजवतात. म्हणूनच, पुण्यात खोलीतल्या मित्राने ‘दशावतार’ नावाचा हेवी मेटल अल्बम लावला तेव्हा मी आधी हसलो आणि मग कान टवकारले.

‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा मुंबईचा बँड साहिल मखीजाने २००० साली सुरू केला. ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०), ‘द डीमन किंग’ (२०१४) ही आधीच्या अल्बमांची नावं. वाजवणं तयारीचं, पण त्यातला अंधार मला परका वाटला. २०१७ साली ‘दशावतार’ आला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजीच; पण गिटारींच्या गर्दीत सतार, बासरी, तबलाही. माझ्या मते खरी वाढ मात्र वाद्यांची नाही. एकदा गुरगुरायचं, एकदा स्वच्छ सुरात गायचं, ही या बँडची जुनीच रीत. अर्धा माणूस, अर्धा सिंह असा नरसिंह जिथे नांदतो, त्या कथांत या दोन आवाजांना कारण मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांना ‘मत्स्य’ ऐकवलं. मी कॉलेजात गेल्यापासून आमचं बोलणं फी आणि जेवण यांपलीकडे जात नसे. सातवी शिकलेले बाबा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “राक्षसाचो आवाज बरो काढल्यान. पण मदी थांबाक होया रे! नायतर लोकांका भियाक सवड खंय गावतली?”

मित्रहो, भयानक रसाची व्याख्या मला पाठ आहे. पण जत्रेत राक्षस एक पाऊल टाकतो, मृदंग क्षणभर थांबतो आणि पोरं आईला बिलगतात, ते त्या थांबण्यामुळे, हे मला बाबांनी सांगितलं. या अल्बमात तसं थांबणं मला फार कमी सापडलं. बँडला अजून वाढायला जागा आहे, ती तिथेच.

त्या रात्री आम्ही तासभर बोललो. कुठल्या प्रवेशाला कुठला बोल, किती थांबायचं, सगळं बाबा मांडीवर वाजवून दाखवत होते. मी उठू लागलो तेव्हा त्यांनीच विचारलं, “बाकीचे नऊ खंय आसत?”