आधी पाणी, मग माप

घोंगडीच्या कापडाचे ४० अभ्रे पाचगणीच्या वाटेवरच्या एका हॉटेलात पोचवून मी कोल्हापूरला परतले, तेव्हा मोठा गड सर केल्यासारखं वाटत होतं. १६ बाय १६ इंच, प्रत्येक कोपरा काटकोनात. तीन आठवड्यांनी हॉटेलातून एक फोटो आला. थोरल्या भावानं धाकट्याचा सदरा घालावा तशी उशी अभ्र्यातून बाहेर आली होती. त्यांनी अभ्रे गरम पाण्यात टाकून मशीन फिरवलं होतं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मागावरून उतरलेलं कापड पाणी न दाखवताच मी कापायला घेतलं होतं.

आमचे विणकर आप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या बसल्याच म्हणाले, "ताई, लोकरीला पाण्यातनं काढल्याबिगर लांबी इचारायची नसती."

लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ऊब, पाणी आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. विणीतली भोकं बुजतात, कापड आखडतं, जाड होतं. याच गुणावर विसंबून पट्टणकोडोलीला मागाशिवाय, नुसती लोकर थापून आणि लाटून जेन, म्हणजे नमद्यासारखी बैठक करतात. हे सगळं मी वाचलेलं होतं. फक्त वाचलेलंच होतं.

आप्पा सांगतात ते असं: पूर्वी मेंढपाळ नवी घोंगडी न्यायचा ती चिंचोक्याच्या खळीनं पुठ्ठ्यासारखी ताठ असतानाच. पहिला पाऊस तो तिच्यासकट अंगावर घ्यायचा. खळ निघून जायची, घोंगडी आखडायची, खांद्याला बसायची. विणकर तेवढा हिशेब धरून आधीच हातभर जास्त विणून द्यायचा. म्हणजे या कामाचा शेवटचा टप्पा गिऱ्हाईकच उरकत असे, आणि त्याचे पैसेही मागत नसे. माझं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं. ते पावसात उभं राहणार नाही. तेव्हा तो पाऊस मलाच पाडावा लागतो.

आता प्रत्येक ताग्यातला एक तुकडा आम्ही आधी भिजवतो, तुडवतो, वाळवतो आणि किती आटला ते वहीत लिहितो. दर वेळी आकडा वेगळा येतो. कातताना पीळ जास्त पडला तर कमी आटतो, मोकळा पडला तर जास्त. एक माग चालता ठेवायला आमच्याकडे चार-पाच जणी कातायला लागतात, आणि प्रत्येकीचा हात वेगळा. आक्कांचं सूत मी डोळे मिटून ओळखते. घट्ट, एकसारखं, त्यांच्या बोलण्यासारखं. आक्कांनी चरखा थांबवला की आप्पांचा धोटाही थांबतो. दुकानात मात्र सगळं कौतुक मागाचं, कारण फोटो मागाचा चांगला येतो. पेळू हातात धरून तासन् तास बसलेल्या बाईच्या फोटोत काही घडताना दिसत नाही.

खरी अडचण लोकर मिळण्याचीच आहे. दख्खनी मेंढीची कातरणी वर्षातून दोनदा होते, पण कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही अशी तक्रार मी प्रत्येक वाड्यावर ऐकते. भाव मटणाला आहे, म्हणून अंगानं मोठ्या, पण लोकर नसल्यात जमा अशा जातींकडे कळप वळतो आहे. धनगराला दोष कसा देणार? त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पहिल्या कातरणीची कोकराची लोकर, जावळ, तर पसाभर मिळाली तरी नशीब.

त्या जावळावरच माझी फॅशन उभी आहे. ती किती मोठी हे त्यावरून समजावं. ३० मायक्रॉनपेक्षा जाड केसाची टोकं कातडीला टोचतात. मेरिनो टोचत नाही कारण तिचा केस सहसा २४ च्या आतला. आमच्या मेंढीनं ऊन, काटे आणि कोकणापर्यंतची पायपीट सोसण्यासाठी वाढवलेला केस तसा कसा असेल? तरी पहिली दोन वर्षं मी मऊपणाच्या मागे लागून स्टोल विणवले आणि गिऱ्हाइकं मान खाजवत परत आली. आता जावळाचे मोजके स्टोल, बाकी अस्तर लावलेल्या बंड्या. आणि खरा धंदा घरातल्या वस्तूंचा. पायाखाली, भिंतीवर, बाकावर ही लोकर राणीसारखी बसते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के दमटपणा पिऊनही ओली लागत नाही आणि सहजी पेटत नाही. रंगाचं विचाराल तर मेंढी देईल तो. एका इंटीरियरवाल्यांनी छटेचा छापील नंबर पाठवला होता. काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तपकिरी होतात, मुळाशी ती काळीभोर राहते, आणि दोन्ही एकाच सुतात येतात. मी त्यांना सुताची एक लडी पाठवली आणि लिहिलं, यातला कुठलाही नंबर चालेल.

नावाचाही एक खेळ मी खेळले. सुरुवातीला लेबलावर ‘थ्रो’ लिहायची. दिल्लीच्या प्रदर्शनात ते खपलं. पुण्यात एका काकांनी हात फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "अहो, ही तर घोंगडी! आमच्या आजोबांकडे होती." पुढचा प्रश्न भावाचा आणि तोही आजोबांच्या काळातला. आपली माणसं वस्तू ओळखतात, म्हणूनच घासाघीस करतात. परक्याला ती नवी असते, म्हणून तो किंमत मान्य करतो. आता लेबलावर घोंगडीच लिहिते आणि सोबत सुताचा एक तुकडा जोडते, जाळून बघायला. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली तर लोकर. मणी जमला तर कुणीतरी पॉलिएस्टर गळ्यात बांधलं आहे. त्या काकांनी तर तेव्हा तिथेच काडी ओढली होती. घोंगडी घेतली, पण शंभर रुपये कमी करून.

भाषेत ‘भिजत घोंगडं’ म्हणजे रखडलेलं काम. म्हण ज्यानं केली त्याला घोंगडी वाळवण्याचा अनुभव नक्की होता, विणण्याचा नसावा. वाळवणं खरंच जिवावर येतं. ओली घोंगडी दोघांनाही उचलत नाही, आणि पिळली तर वीण वाकडी होते. पण भिजत असते तेव्हा ती रखडलेली नसते, आखडत असते. हे कोटेशनमध्ये कसं लिहायचं, ते मला अजून नीट जमलेलं नाही. ‘फिनिशिंग’ असा एक रकाना घालते. खरेदीवाले पहिली कात्री तिथेच लावतात.

त्याच हॉटेलची नवी ऑर्डर आहे, जेवणघरातल्या बाकांसाठी लांब पट्ट्या. काल सगळं कापड पाण्यातून काढून आवारातल्या बांबूंवर टाकलं. दुपारी आभाळ भरून आलं तसे आप्पा, आक्का आणि मी एकेक पट्टी आत ओढत होतो, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. सुताराला बाक कापायचे होते.

"मॅडम, फायनल साइज सांगा ना."

"परवा," मी म्हटलं. "ऊन पडलं तर."