सोयरिकीत न सांगायची गोष्ट

वर्ध्याला आलेला पाहुणा सेवाग्रामला जातो, बापूकुटी पाहतो, पवनारला धाम नदीच्या काठी घटकाभर बसतो आणि परततो. पिपरी मेघेला मुद्दाम कोण जाणार? शहराला हे गाव इतके चिकटले आहे की, वर्धा कुठे संपले हे रिक्षावाल्यालाच विचारावे. शिवाय सावंगी, सिंदी, बोरगाव अशी आणखीही 'मेघे' मंडळी आसपास आहेत. पत्ता सांगताना पहिले नाव नीट सांगा, नाहीतर मेघ्यांतच फिरत राहाल!

मी गेलो होतो दिवाळीच्या फराळाला, एका स्नेह्यांकडे. त्यांनी शेजारच्या म्हातारबांकडे नेले. हे गृहस्थ तरुणपणी दंडारीत सोंगाड्या होते. दंडार हे विदर्भाचे लोकनाट्य. त्यात बायकांची सोंगेही पुरुषच घेत.

"लोकं पोट धरून हासत जी," म्हातारबा सांगू लागले, "पण पोरीची सोयरीक आली, तवा भावानं सांगतलं, पाव्हण्याइले दंडारीचं बोलू नोको."

हसवणाऱ्याला टाळी द्यायची, पण मुलगी द्यायची नाही, हा आपला जुना हिशेब. विलायतेतला चार्ली चॅप्लिन म्युझिक हॉलमधूनच वर आला. १९३१ साली लंडनला तो गांधीजींना भेटला, तेव्हा बोलणे निघाले ते यंत्रांचे. गांधीजी इथल्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले १९३६ साली. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' त्याच वर्षीचा!

आमचा चॅप्लिन मुंबईच्या नायगावात १९३२ साली जन्मला. कृष्णा कोंडके, म्हणजे दादा. सेवादलाच्या कलापथकात तयार झालेल्या या गड्याने वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये हवालदार असा रंगवला की, प्रयोग दीड हजारांवर गेले. संहिता सबनिसांची, पण त्या दिवशीच्या बातम्यांवरचे चिमटे दादांच्या पदरचे. भालजी पेंढारकरांनी १९६९ साली त्यांना 'तांबडी माती'त घेतले. १९७१ साली दादांनी स्वतः चित्रपट काढला आणि नाव ठेवले 'सोंगाड्या'. लोक जो शब्द शिवीसारखा वापरत, तोच त्यांनी पाटीवर लावला! पुढे ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि गिनेस बुकात नोंद झाली. पांढरपेशा घरांतून मात्र हे चित्रपट पाहायचे चोरून आणि नाके मुरडायची चारचौघांत. १९९८ साली दादा गेले, तेव्हा तीच घरे हळहळली.

दादांचे नाव निघताच म्हातारबा सावरून बसले. गळ्यातला दुपट्टा त्यांनी डोक्यावरून पदरासारखा घेतला आणि मग एकदम थबकले.

"दार लाव व माय," ते लेकीला म्हणाले. जावईबापू बाहेर ओट्यावर बसले होते.

माहेरपणाला आलेली, पन्नाशी उलटलेली ती लेक उठली, दारापर्यंत गेली आणि तिने बाहेर हाक मारली, "अवो, आत या न लवकर, बाबा सोंग करून राह्यले!"