सावलीची वही

१ डिसेंबर
तिसरी-चौथी एकत्र. परिसर अभ्यास. पुस्तकं मिटायला लावली. रात्री सूर्य कुठे जातो? डोंगरामागं. भीमेत. अमेरिकेत. एकीनं धडाधड म्हणून दाखवलं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस आणि रात्र होतात. बरं, मग रात्री सूर्य कुठे? "चंद्राच्या मागं, बाई."
पाठांतर पक्कं आहे.

३ डिसेंबर
पटांगणात वेळूची काठी रोवली, जमिनीवर बरोबर एक मीटर. बारा वाजता सूर्य डोक्यावर, यावर वर्गाचं एकमत. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा. सर्वांत आखूड सावली १२ वाजून २० मिनिटांच्या मागेपुढे. ८६ सेंटीमीटर. डोक्यावर कुठला?
खिचडी गार झाली. मावशी चिडल्या.

४ डिसेंबर
ग. भिंतीला टेकून झोपला. या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची लाईट. बापाबरोबर उसाला दारं धरायला जातो, बॅटरी धरतो. वय नऊ. शेजारच्या शिवारात बिबट्या दिसलाय.
उठवलं नाही.

९ डिसेंबर
ग्लोब आणि बॅटरी. मुलं ग्लोबकडे बाहेरून बघतात. आपण त्यावर आहोत, हे काही अंगाला लागत नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी केलेलं काम आठवलं, शरीराच्या हालचालींतून खगोल शिकवण्याचं. ग्लोब कपाटात.
डोकं म्हणजे पृथ्वी. नाक म्हणजे दौंड तालुका. डावा हात पूर्व. बॅटरी टेबलावर, हलवायची नाही. सावकाश डावीकडे वळा. उजेड डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून आत, उजव्यातून बाहेर. "बाई, मावळला!" बॅटरी होती तिथंच. मग कोण हललं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. नंतर सगळे एकदम.
दोघं गरगर फिरून पडले. शिंक आलेल्याला बाकीचे म्हणाले, दौंडला भूकंप.

१० डिसेंबर
"आपण किती जोरात फिरतो?" इथल्या अक्षांशावर ताशी १,५८० किलोमीटरच्या आसपास. "मग वारं का लागत नाही?" हवाही आपल्याबरोबरच फिरते. कुणाला पटलं नाही. लगेच पटलं असतं तर मला काळजी वाटली असती.

२२ डिसेंबर
सावली ९० सेंटीमीटर. सर्वांत लहान दिवस, सुमारे ११ तासांचा.
थंडी का पडते? सूर्य लांब गेला म्हणून. एकजात सगळे. सांगितलं, जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैपेक्षा तब्बल ५० लाख किलोमीटरनं. वर्ग गप्प. बॅटरी फळ्यावर सरळ धरली, मग तिरकी. ठिपका लांबला, फिका पडला. "तेवढाच उजेड पुरवून पुरवून वापरला," चौथीतली एक. यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं.

२६ डिसेंबर
ढग. वही कोरी.

५ जानेवारी
ग. आज जागा. स्वतःहून आला. शनिवारी पौर्णिमा होती, मध्यरात्री बांधावर उभा होता.
"बाई, रात्री माझी सावली पायापाशीच होती. इथं दुपारी तर लांब पडती."
किती? वीतभर, म्हणाला. पुन्हा विचारलं. वीतभरच.
बरोबर आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली, म्हणजे हा उत्तरेला उंच, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. पुस्तकात नाही. माझ्याही कधी डोळ्यांत भरलं नव्हतं. वर्गातल्या एकालाच दिसलं, कारण बाकीचे त्या वेळी अंथरुणात होते. कौतुक करावं, तर ते कशाचं?
वहीत त्याला वेगळं पान. 'वेळ' या रकान्यात काय लिहू? त्यानंच सांगितलं: रात्रीची लाईट.

१५ जानेवारी
सावली ८३. सर्वांत आखूड १२ वाजून ४१ मिनिटांच्या सुमारास. मध्यान्हही सरकते, हे त्यांनीच खड्यांवरून ओळखलं.
तिळगूळ. "आजी म्हणते संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो. आपला तर आधीपासूनच वाढतोय." आजीचं गणित सुमारे १,७०० वर्षांपूर्वीचं, तेव्हा संक्रांत आणि सर्वांत लहान दिवस एकाच सुमारास यायचे. घरी वाद घालू नकोस, काठी दाखव, म्हटलं.
कॅलेंडरातल्या वेळा उतरवणारी हटून बसली. दिवस वाढतोय, तरी सूर्योदय २२ डिसेंबरपेक्षा सात-आठ मिनिटं उशिरा. सूर्यास्त मात्र चांगला पुढं गेलाय. चुकलं नाहीये, म्हटलं. कारण आत्ता नको. आकडे लिहीत राहा.

१६ जानेवारी
फळ्यावर लिहिलं: १३ मे, दुपारी १२.२८ च्या सुमारास, सूर्य खरंच डोक्यावर. काठीला सावली नाही. तेव्हा शाळेला सुट्टी. ज्यानं त्यानं आपल्या अंगणात काठी रोवायची, ओळंबा लावून.
ग.ला विचारलं, मे महिन्यात कुठली लाईट असेल, दिवसाची की रात्रीची?
"तवा पाणीच नसतं, बाई."