माफी कुणी मागायची?

सिस्टरना त्या संध्याकाळी सगळ्या वॉर्डासमोर माफी मागायला लावली, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

आईचं खुब्याचं हाड मोडलं, सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं, लघवीची नळी लावली. पुढचं बरंचसं नातेवाइकांनाच करावं लागतं. आईला कुशीवर वळवताना वॉर्डातल्या मावशींनी लघवीची पिशवी उचलून तिच्या पोटावर ठेवली. सिस्टर दारातूनच ओरडल्या, "पिशवी खाली घ्या! वर गेली की लघवी उलटी आत जाते, जंतू घेऊन." मला त्यांचा आवाज खटकला. पण मग जवळ येऊन त्यांनी मला सगळं नीट शिकवलं. पिशवी कमरेच्या खाली, तरी फरशीला टेकू द्यायची नाही. नळीचा जोड सोडवायचा नाही. पिशवी रिकामी करण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. बेचक्या, अंगठे, नखं धरून ४० सेकंद तरी. आणि शेवटी, "आता तुम्ही करून दाखवा."

शेजारच्या कॉटवरच्या आजोबांना भेटायला गावातले एक वजनदार गृहस्थ आले. बाहेरून आले तसेच टाक्यांवरची पट्टी उचलून बघायला लागले. सिस्टर म्हणाल्या, "हात न धुता जखमेला हात लावू नका." एवढंच. "तू मला शिकवणार?" म्हणत ते थेट ऑफिसात गेले. आम्ही तिघी-चौघी मागोमाग गेलो, घडलं ते सांगितलं. तिथले साहेब म्हणाले, "प्रकरण वाढवू नका." आणि सिस्टरना आजोबांच्या कॉटपाशी उभं करून माफी मागायला लावली. आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती जखम त्यांची होती; मान मात्र पाहुण्याचा सांभाळला गेला! १८४७ साली व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइसनी इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, बाळंतिणींचे मृत्यू घटले, तरी कित्येक डॉक्टरांना त्यात अपमानच वाटला. आपण अजून तिथेच आहोत का?

सिस्टरनी गोड बोलावं, असं मलाही वाटायचं. रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते, हे पाहिल्यावर ती अपेक्षा मी सोडली. तरी ओरडण्याने घाबरलेला माणूस पुढे काही विचारत नाही, हेही खरंच.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, लघवीच्या नळीची ही काळजी बहुधा नसते. तुमच्या माणसाला नळीसह घरी सोडत असतील, तर निघण्याआधी सिस्टरना गाठा. त्यांच्यासमोर एकदा सगळं करून दाखवा. आणि ताप आला, थंडी वाजली, लघवी गढूळ झाली किंवा थांबली, तर कुणाला फोन करायचा ते लिहून घ्या.