हॅलिफॅक्सचा एकविसावा धक्का

मे महिन्यांतही हॅलिफॅक्स बंदरावरचा वारा बोचतो. पुतण्याकडे कॅनडांत गेलों असतां त्यानें आग्रहानें मला येथवर आणलें. १९२८ ते १९७१ या काळांत सुमारें दहा लक्ष माणसें या धक्क्यावरून त्या देशांत शिरलीं. आतां तेथें संग्रहालय आहे.

आपल्या लोकांस मात्र तें दार फार दिवस बंदच होतें. १९१४ सालीं ‘कोमागाटा मारू’ बोट ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकूव्हरला लागली. दोन महिने ताटकळत ठेवून ती बहुतेकांसह परत धाडण्यांत आली. १९५१ पासून भारतास सालिना १५० माणसांची मुभा मिळाली, तीच मोठी कृपा! पुढें कारखान्यांना शिकलेले हात कमी पडूं लागले. १९६२ मध्यें वर्णाची अट ढिली झाली आणि १९६७ सालीं गुण देऊन माणूस निवडण्याची पद्धति आली.

एका बांकावर बसून मीं त्या जुन्या कोष्टकाप्रमाणें स्वतःची परीक्षा घेतली. एकूण गुण शंभर, उत्तीर्ण होण्यास पन्नास. शिक्षणाच्या दर वर्षास एक, म्हणून सतरा, इंग्रजीचे पांच, पुतण्या तेथें असल्याचे पांच, कौशल्याचे दहा उदारपणें धरले. वयाचे दहा पस्तिशीनंतर दरसाल एकेक गळतात; माझे केव्हांच संपले. संस्कृत शिक्षकास मागणी शून्य. झाले सदतीस! अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेल्या पंधरांपैकीं निदान तेरा मिळाले असते, तरच आमची नौका तीरास लागती.

२०१५ पासून हा हिशेब यंत्र करतें. कमाल गुण १२००. विशीच्या आंतबाहेर असणाऱ्यांस नव्हे, वीस ते एकोणतीस वर्षांच्या उमेदवारांस वयाचे पुरे गुण. २०२३ पासून परिचारिका, सुतार अशा हव्या असलेल्या धंद्यांसाठीं निराळी निवडही होते.

“काका, माझ्या पदवीचे गुण मिळाले, पण नोकरी मिळाली गुदामांत,” पुतण्या हंसून म्हणाला. निवड करतें मध्यवर्ती सरकार. इंजिनियर म्हणून सही करण्याचा परवाना प्रांतिक मंडळाच्या हातीं. त्यांत त्याचीं चार वर्षें गेलीं. हें त्यानें घरीं कधींच कळविलें नव्हतें.

“आणि वहिनींचे गुण किती?” मीं विचारलें.

“आईवडिलांना गुण नसतात. मुलानें वीस वर्षांच्या खर्चाची हमी द्यायची, आणि अर्जाला बोलावणें येण्याची वाट पाहायची.”

अकरा वाजले होते. पुण्यांत साडेसात, दिवेलागण झाली असेल म्हणून त्यानें आईला फोन लावला.